एमआरआयच्या बोगद्यातली चाळीस मिनिटं तुमच्या शोधनिबंधात कुठे आहेत?

माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंटचा, म्हणजे एमसीआयचा (विसरणं वाढतं, पण रोजचं जगणं अजून हातात असतं अशा अवस्थेचा), मेंदूच्या प्रतिमांवरून अभ्यास करणाऱ्या सर्व संशोधकांना,

स. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही, पण तुमच्या अभ्यासात येणारी म्हातारी माणसं मला चांगली ओळखतात. मी एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. एकोणीस वर्षं कन्सोलसमोर बसते आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं तुमच्यासारख्यांच्या प्रकल्पांचे स्कॅन काढण्यात गेली. तुमच्यापर्यंत माणूस पोचतो तो फाइल होऊन. नावाच्या जागी कोड, मग वय, शिक्षणाची वर्षं, हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागाचं, आकारमान घन मिलिमीटरमध्ये. माझ्यासमोर तो येतो तेव्हा एका हातात किल्ल्या आणि दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेली कवळी असते, आणि पहिला प्रश्न असतो, "आत जीव घुसमटत नाही ना हो?"

पत्राला निमित्त झालं एका ओळीचं. एका आजोबांचा स्कॅन पाठवला होता, त्यावर विश्लेषण करणाऱ्या गटाकडून उत्तर आलं: "हालचाल. वगळला. धन्यवाद." त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. चित्र खरंच धूसर होतं. पण आजोबा का हलले ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

गृहस्थ पंचाहत्तरीचे. एमसीआयचं निदान होऊन वर्ष झालेलं. टेबलावर झोपवलं, डोक्याभोवती सिग्नल पकडणाऱ्या कॉइलचा पिंजरा बसवला, दोन्ही कानांशी स्पंज खोचले, हातात बोलावण्याचा रबरी फुगा दिला. "आजोबा, आता सहा मिनिटं डोकं अजिबात हलवायचं नाही." "नाही हलवणार." मशीनची ठकठक सुरू झाली आणि तिसऱ्या मिनिटाला त्यांनी आरामात मान वळवून बाजूच्या भिंतीकडे पाहिलं. मी तो सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनचा तो टप्पा, थांबवला, आत गेले. "आजोबा, हलायचं नाही म्हटलं होतं ना?" त्यांनी माझ्याकडे अगदी निर्मळपणे पाहिलं. "असं म्हणाला होतात? कधी?"

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा मी त्यांच्या पत्नीच्या अंगावर कुठे धातू नाही याची खात्री करून घेतली, त्यांच्या कानात बोळे घातले आणि त्यांना टेबलाच्या पायथ्याशी उभं केलं. त्यांनी नुसता आजोबांच्या पावलावर हात ठेवला. आजोबा साडेपाच मिनिटं पडून राहिले. शेवटच्या अर्ध्या मिनिटात खोकला आला.

"हलू नका" ही सूचना सहा मिनिटं डोक्यात धरून ठेवणं ही स्वतःच स्मरणशक्तीची परीक्षा आहे. ज्याची स्मरणशक्ती मोजायची त्यालाच आपण ही परीक्षा आधी द्यायला लावतो, आणि नापास झाला की त्याचा पेपर तपासतच नाही.

हालचालीचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, पण हे खुलं पत्र आहे, वाचणारे इतरही असतील, म्हणून थोडं सांगते. कॅमेऱ्याच्या फोटोत हात हलला तर फक्त हात धूसर येतो. एमआरआयचं तसं नाही. इथे प्रत्येक क्षणी मिळणाऱ्या सिग्नलमध्ये अख्ख्या डोक्याची माहिती मिसळलेली असते आणि चित्र शेवटी गणिताने उभं राहतं. त्यामुळे एका क्षणी वळलेली मान चित्रभर पसरते. करडा आणि पांढरा भाग यांच्यामधली सीमारेषा पुसट होते, आणि ती रेषा शोधणारं सॉफ्टवेअर कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा करडा थर, असेल त्याहून पातळ मोजतं. निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम डोकं हलवायला सांगून २०१५ मध्ये हे दाखवलं गेलं आहे: मेंदू तोच, दिवस तोच, पण हललेल्या स्कॅनमध्ये करडा भाग कमी भरला.

म्हणजे फटका दोन्ही बाजूंनी बसतो. जो खूप हलला तो यादीतून जातो, आणि तो बहुधा जास्त विसरणारा, जास्त दुखणारा, जास्त घाबरणारा असतो. जो थोडासाच हलला तो तपासणीतून पार होतो, आणि त्याचा मेंदू आहे त्यापेक्षा झिजलेला दिसतो. गोळाबेरीज केल्यावर या दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतील, असं कुणी मानत असेल तर माझ्या खुर्चीत आठवडाभर बसून पाहावं.

तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे, हेही सांगायला हवं. मी या क्षेत्रात आले तेव्हा एमसीआय म्हणजे काय हे मला एका डॉक्टरांनी समजावलं होतं: विसरतो हे माणसाला आणि घरच्यांना कळतं, चाचणीतही दिसतं, पण रोजचं जगणं अजून त्याच्या हातात असतं. मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांच्या गटाने १९९९ मध्ये ही मधली अवस्था नीट आखून मांडली. त्यांच्या पाहणीत अशा रुग्णांपैकी वर्षाला साधारण १२ टक्के पुढे अल्झायमरकडे गेले, तर त्यांच्या वयाच्या निरोगी माणसांत हे प्रमाण १ ते २ टक्के होतं. पुढे २००४ मध्ये पिट्सबर्ग कंपाउंड बी या रसायनाचा शोधनिबंध आला आणि जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरशी जोडलेलं साचणारं प्रथिन, पेट स्कॅनवर दिसू लागलं. त्याच वर्षी एडीएनआय हा अल्झायमरच्या अभ्यासाचा मोठा उत्तर अमेरिकी प्रकल्प सुरू झाला. ५५ ते ९० वयाची माणसं, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढलेले स्कॅन, आणि सगळी माहिती जगभरच्या संशोधकांना खुली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर एकाच पद्धतीने टी-वन प्रतिमा (मेंदूची रचना दाखवणारी) कशी काढायची याची शिस्त आम्हा टेक्नॉलॉजिस्टना या प्रकल्पामुळे लागली, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

पण ती शिस्त मशीनची होती. सिक्वेन्स कोणता, स्लाइस किती जाडीचा, कोन किती, फँटम (मशीन पारखायचा नमुना) केव्हा तपासायचा, हे सगळं लिहिलेलं असतं. आत झोपणाऱ्या माणसाबद्दल मात्र प्रोटोकॉलमध्ये जेमतेम दोन ओळी असतात.

पाण्याचंच घ्या. स्कॅनच्या दिवशी म्हातारी माणसं सकाळपासून पाणी पीत नाहीत. कुणी सांगितलेलं नसतं. मध्येच लघवी लागली तर काय, ही भीती असते. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा आदल्या रात्रीपासूनच हात आखडता घेतात. तुमच्याच क्षेत्रातल्या २००५ मधल्या एका अभ्यासात सोळा तास पाणी न प्यायल्यावर मेंदूचं आकारमान सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी मोजलं गेलं होतं आणि पाणी प्यायल्यावर ते भरून आलं. सकाळच्या आणि संध्याकाळच्या स्कॅनमध्येही आकारमानाचा किंचित फरक पडतो, हे एडीएनआयच्याच प्रतिमा वापरून दाखवलेलं आहे. आता निरोगी म्हाताऱ्या माणसाचा अख्खा मेंदू वर्षाला साधारण अर्धा टक्काच झिजतो. एका वर्षी सकाळी नऊला भरपूर पाणी पिऊन आलेल्या आजी पुढच्या वर्षी दुपारी चारला कोरड्या घशाने आल्या, तर तुमच्या आलेखातली उतरती रेषा नेमकं काय सांगते? स्कॅनची वेळ फाइलमध्ये आपोआप नोंदली जाते. शेवटचं पाणी केव्हा प्यायलं ते कुणी विचारत नाही. मी विचारते, पण लिहू कुठे?

आता कानांकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे.

फंक्शनल एमआरआयच्या, म्हणजे काम करताना मेंदूचा कोणता भाग जागा होतो ते पाहणाऱ्या, एका प्रकल्पात एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. कानाला यंत्र. ते यंत्र चुंबकाच्या खोलीत नेता येत नाही. तीन टेस्लाचं मशीन म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ६०,००० पट ताकद, तिथे चर्चेला वावच नाही. यंत्र डबीत गेलं. चष्म्याची फ्रेम धातूची, तोही गेला. मग कानात बोळे, वर हेडफोन, समोर आरशात पडदा. चेहरे आणि नावांच्या जोड्या दाखवायच्या होत्या: आधी पाहिलेली जोडी असेल तर उजवं बटण, नवीन असेल तर डावं. मधल्या सूचना हेडफोनवरून. बाई बटणं दाबत होत्या, अगदी नेमाने, दर चित्राला एक. त्यांचे गुण मात्र जवळजवळ नाणेफेकीइतकेच आले.

बाहेर आल्यावर यंत्र कानात घातलं, चष्मा चढवला आणि त्या हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? तुम्ही मध्ये काय म्हणत होतात ते मला ऐकूच येत नव्हतं. चेहरेही नुसते ढगासारखे. पण तुम्ही एवढ्या सगळ्या खोळंबलेल्या, म्हणून दाबत राहिले."

शिकवण्यात जन्म गेलेली बाई. कोरा पेपर द्यायचा नाही, एवढंच तिला ठाऊक.

त्या स्कॅनमध्ये हिप्पोकॅम्पस किती पेटला, किती विझला, याचा आकडा कुठल्यातरी तक्त्यात गेला असेल. आणि याच आकड्यांवर तुमचे फार महत्त्वाचे निष्कर्ष उभे आहेत. एमसीआयच्या सुरुवातीच्या अवस्थेत हिप्पोकॅम्पस कमी नाही, उलट प्रमाणाबाहेर काम करताना दिसतो, हे २००५ च्या सुमारास समोर आलं. २०१२ मध्ये फिट्सवरचं एक जुनं औषध, लेव्हेटिरॅसिटाम, कमी मात्रेत दिल्यावर ही जादा धडपड शांत झाली आणि त्या चाचणीतली स्मृतीही सुधारली, असं प्रसिद्ध झालं. ते वाचून मी किती आनंदले होते सांगू! आपण काढलेल्या रंगीत ठिपक्यांतून औषधापर्यंत वाट जाऊ शकते, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. म्हणूनच विचारते: धडपड आठवण्याची होती की ऐकण्याची, हे ठिपक्यावरून कसं ओळखणार? म्हातारपणी ऐकू कमी येणं आणि विसरायला होणं पुष्कळदा एकाच माणसाच्या वाट्याला येतं. म्हणजे ही चूक कुणाच्याही वाट्याला सारखी येणारी नाही. ती तुमच्या रुग्णगटातच जास्त जमणार.

उपाय काही रॉकेट बनवण्याइतका अवघड नाही. चुंबकात चालणारे प्लॅस्टिकचे चष्मे मिळतात, वेगवेगळ्या नंबरांच्या भिंगांसह. सूचना बोलण्याऐवजी मोठ्या अक्षरांत पडद्यावर दाखवता येतात. आत नेण्याआधी बाहेर टेबलावर बटणांचा सराव घेता येतो, आणि आत गेल्यावर मशीन सुरू करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारता येतो: "पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा." ज्या प्रकल्पांत हे होतं तिथे काम करताना मला रात्री झोप चांगली लागते.

झोपेवरून आठवलं. तुमचा तो विश्रांतीतला स्कॅन, रेस्टिंग स्टेट. "डोळे उघडे ठेवा, समोरच्या फुलीकडे बघा, कशाचाही विचार करू नका, झोपू नका." इंटरकॉममधून मला घोरणं ऐकू येतं हो! धडाधड आवाज चालू असतानाही दोन सिक्वेन्सच्या मधल्या शांततेत स्पष्ट ऐकू येतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असं दिसलं होतं की विश्रांतीच्या स्कॅनमध्ये तीन मिनिटांच्या आतच सुमारे एकतृतीयांश माणसांची जाग टिकत नाही. आणि डुलकी लागली की मेंदूतल्या भागांचा आपापसातला ताळमेळ बदलतो. रात्रीची झोप आधीच तुटलेली, पहाटे उठून आलेली, गरम पांघरुणात आडवी केलेली म्हातारी माणसं. त्यांच्या "डिफॉल्ट मोड नेटवर्क"मधली, म्हणजे विश्रांतीत एकत्र चालणाऱ्या मेंदूच्या भागांमधली, जोडणी ढिली झाली असं तुम्ही लिहिता, तेव्हा मला ते घोरणं आठवतं. डोळ्यांवर रोखलेला एक छोटा कॅमेरा बसवा. नाहीच जमलं तर निदान बाहेर आल्यावर "डोळा लागला होता का?" एवढं विचारायचा नियम करा. माणसं खरं सांगतात. थोडं लाजतात, पण सांगतात.

जे माझ्यापर्यंत पोचतच नाहीत त्यांच्याबद्दल थोडक्यात. पाठीला इतका बाक की डोकं कॉइलमध्ये टेकतच नाही. जुना पेसमेकर. हाताला कंप. पूर्वी कधीतरी लहानसा पक्षाघात होऊन गेलेला. सोबत यायला कुणी नाही, आणि तुमच्या प्रकल्पात जोडीदार किंवा जवळचा नातलग माहिती द्यायला हवाच असतो. एडीएनआयच्या पहिल्या टप्प्यातले लोक बहुतांश गोरे आणि शिक्षणाची वर्षं भरपूर असलेले होते, आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराची लक्षणं ठळक असलेल्यांना तिथे दारातच थांबवलेलं होतं. त्यामागची कारणं मला समजतात. पण प्रत्यक्षात संशोधनाबाहेरच्या यादीतून माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या मेंदूंत फ्लेअर प्रतिमेवर (एमआरआयचाच एक प्रकार) त्या आजाराकडे बोट दाखवणाऱ्या पांढऱ्या डागांशिवायचा मेंदू शोधावा लागतो.

आणि आता शेवटचा प्रश्न, जो मला रोज विचारला जातो आणि तुम्हाला बहुधा कधीच नाही. टेबल बाहेर सरकतं, पिंजरा निघतो, माणूस उठून बसतो, केस सारखे करतो आणि विचारतो, "काय दिसलं?"

मला सांगता येत नाही. सांगायचा अधिकार नाही आणि सांगावं इतकं ज्ञानही नाही. "डॉक्टर बघतील" हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की झोपेतही म्हणेन. पण संशोधनाच्या स्कॅनमध्ये पुष्कळदा कुणीच डॉक्टर त्या माणसाशी त्या चित्राबद्दल बोलत नाही. गाठ वगैरे काही दिसलं तर कळवतात, बाकी शांतता. संमतीपत्रात ते लिहिलेलं असतं, हे खरं. बारा पानांच्या संमतीपत्रातलं नववं पान, आणि वाचणारा एमसीआयचा रुग्ण.

माझं मागणं "सगळ्यांना सगळं सांगा" असं नाही. अमायलॉइड दिसलं म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) ठरला असं नसतं, कारण स्मृती शाबूत असलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या मेंदूतही ते सापडतं. आणि एमसीआय म्हणजे अल्झायमरची सुरुवात, असंही नाही. अमेरिकेतल्या आयडियाज अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, एमसीआय असलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्क्यांच्याच पेट स्कॅनमध्ये अमायलॉइड सापडलं. उरलेल्यांच्या विसरण्याला दुसरी काही कारणं असणार. तिथे निकाल डॉक्टरांच्या हाती दिला गेला होता, आणि एमसीआयच्या दर दहापैकी सहा रुग्णांचे उपचार किंवा सल्ला त्यामुळे बदलला. म्हणजे चित्राचा उपयोग त्या माणसालाही होऊ शकतो. निदान एवढं तरी करा: स्कॅननंतर महिन्याभरात एक फोन, किंवा मोठ्या अक्षरांतलं एक पान. "तुमचा स्कॅन वापरता आला" किंवा "आला नाही, आणि त्यात तुमची चूक नव्हती." त्या खोकलेल्या आजोबांच्या पत्नीने मला दोनदा फोन करून विचारलं, "पुढच्या वर्षी बोलावणार ना? ते कॅलेंडरवर खूण करून बसलेत." त्यांना वगळल्याचं त्यांना कुणीच कळवलं नव्हतं. मीही सांगू शकले नाही. "विचारून सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला.

अलीकडे अमायलॉइड काढून टाकणारी औषधं आली आहेत. लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, आणि ही औषधं एमसीआय किंवा अगदी सौम्य डिमेन्शियाच्याच टप्प्यावर दिली जातात. मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होत नाही ना, हे पाहायला या रुग्णांचे एमआरआय पुन्हा पुन्हा काढावे लागतात. म्हणजे माझ्या टेबलावर ही माणसं आता वाढणार आहेत, आणि त्यांच्या धूसर चित्राची किंमत संशोधनातल्या एका गाळलेल्या ओळीपेक्षा मोठी असणार आहे. कमी वेळात होणारे सिक्वेन्स आहेत, डोक्याच्या हालचालीचा माग घेत चालणारे सिक्वेन्स आहेत. ते म्हाताऱ्यांसाठी आधी वापरा. सकाळची वेळ त्यांना द्या. एकाच बैठकीत पाऊण तासाचा सगळा संच उरकण्याचा हट्ट सोडा. सगळ्यात महत्त्वाचं चित्र आधी काढा, आणि मध्ये एकदा बाहेर काढून पाठ मोकळी करू द्या. आणि फॉर्मवर आम्हाला पाच-सहा ओळी द्या, ज्या कुणीतरी वाचेल आणि विश्लेषणात धरेल: ऐकू येत होतं का, दिसत होतं का, झोप लागली का, पाणी केव्हा प्यायलं, कितव्या प्रयत्नात जमलं, कोण सोबत उभं होतं.

परवा सकाळी साडेनऊला त्या शिक्षिकाबाई दुसऱ्या वर्षीच्या स्कॅनला येणार आहेत. फॉर्म माझ्यासमोर आहे. वजन, उंची, डावखुरे की उजवे, शरीरात धातू आहे का, एवढेच रकाने. कानाच्या यंत्राचं मी पेन्सिलने समासात लिहून ठेवलं आहे आणि त्यांच्या नंबराचा प्लॅस्टिकचा चष्मा शेजारच्या विभागातून मागून आणला आहे. फॉर्म स्कॅन करून तुमच्याकडे येईल, तेव्हा समास कापून टाकू नका.

आपली,
कन्सोलच्या या बाजूची एक टेक्नॉलॉजिस्ट